उजवीकडून वाचलेली संख्या

नव्या पुस्तकाचा वास घ्यायची मला सवय नाही. एकतीस वर्षं छापखान्यात काढल्यावर शाईचा वास आपल्याच कपड्यांना येत असतो, तो वेगळा काय घ्यायचा. आज सकाळी बाइंडिंगमधून पहिली प्रत टेबलावर आली, तेव्हा मी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं, आणि पानाच्या मधोमध एकट्याच छापलेल्या त्या चोवीस आकडी संख्येवर बोट ठेवून ती उजवीकडून वाचायला लागले. सात, तीन, एक, नऊ. खरं तर हे वाचणं नव्हतंच, कारण ही संख्या मला स्वतःच्या जन्मतारखेइतकी पाठ आहे. बोट सवयीनं डावीकडे सरकत होतं आणि डोक्यात दुपारचे बेत चालले होते : चार वाजता काकांकडे जायचं, प्रत त्यांच्या हातात द्यायची, त्यांचा चेहरा बघायचा. सहा, आठ, सहा, सात. बोटाखाली पाच होता. शर्टाची बटणं खालून वर लावत यावं आणि गळ्याशी आल्यावर एक काज जास्तीचं उरावं, तसं झालं. मी पुन्हा उजवीकडे गेले. पुन्हा बाविसाव्या आकड्यावर पाच. मग डावीकडून सरळ वाचलं, शाळेतल्या मुलासारखं, एकेक आकडा सुटा करून : ३७५६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. तीन, सात, पाच. असायला हवं होतं तीन, पाच, सात. दोन आकड्यांनी आपसात जागा बदलली होती आणि तीनशे प्रतींत तशीच बदलून बसली होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत सतरंजी झटकत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता, आणि मी मूर्खासारखी ते धपके मोजत बसले.

हे पुस्तक चोवीसकाकांनी लिहिलेलं. त्यांना हे नाव छापखान्यानं दिलं, या संख्येवरूनच, आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकाबाहेर त्यांचं खरं नाव कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा प्रूफं दोघांनी मिळून वाचायची पद्धत होती. एकानं लेखकाची कॉपी हातात धरून मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफावर पेन्सिल टेकवत जायचं. काका वाचायचे, मी टेकवायची. आमच्याकडे कोष्टकांची पुस्तकं फार, म्हणजे वर्गमुळं, घातांक, वेळापत्रकं असली आकड्यांची रानं. तिथे काकांचा नियम कडक होता : संख्या नेहमी उजवीकडून वाचायची. सरळ वाचली की मन पुढे धावतं, पुढचा आकडा डोळ्यांआधी स्वतःच सांगून टाकतं. उलटं वाचलं की मनाला काही सुचत नाही, मग बिचारं गुपचूप बघत राहतं. संख्या संपली की काका कॉपीवरून मान न उचलता विचारायचे, "बसली?" आणि मी म्हणायचं, "बसली." खिळ्यांच्या जुळणीच्या काळातला हा शब्द, ओळ चौकटीत घट्ट बसली का, एवढाच त्याचा अर्थ. खिळे गेले, शब्द राहिला. दिवसातून तीनशे वेळा ही देवाणघेवाण व्हायची. अख्ख्या संसारात माझं आमच्या ह्यांच्याशी इतक्या वेळा एकमत झालेलं नाही.

ती संख्या आमच्या खोलीत आली ती एका जाडजूड गणिती कोशातून. पानाच्या तळाशी, बारीक टायपात, काहीच स्पष्टीकरण नाही, फक्त एक ओळ : डावीकडून छाटत जाता येणारी सर्वांत मोठी मूळ संख्या. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, याशिवाय कशानंही पूर्ण भाग जात नाही, एवढं मलाही शाळेपासून माहीत होतं. छाटत जाण्याचं कळलं नव्हतं. काकांनी नेहमीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली. सात. तीन. एक. आणि थांबले. मी पेन्सिल वर धरून वाट बघत राहिले. "अगं," ते म्हणाले, "सात मूळ आहे. सदतीसही मूळ आहे. एकशे सदतीस पण." मग त्यांनी नऊ म्हटला, पुन्हा थांबले, रद्दीतलं प्रूफ उलटं केलं आणि नऊ हजार एकशे सदतीसला भागायला लागले. त्या दिवशी आमचं एक पान झालं नाही. तेव्हाचे मोठे मालक दारात येऊन उभे राहिले, तरी काका भागत होते. कशानंही भाग जात नव्हता. मग पुढचा दोन लावला, एकोणतीस हजार एकशे सदतीस, त्यालाही नाही. म्हणजे प्रकार असा, की या संख्येचा सर्वांत डावीकडचा आकडा पुसून टाका, उरलेली तेवीस आकडी संख्या मूळ. तिचाही पहिला पुसा, बावीस आकडी, तीही मूळ. असं पुसत पुसत शेवटच्या सातापर्यंत या, वाटेत एकदाही ती कुणाच्या भागानं फुटत नाही. चोवीस पायऱ्या, आणि एकही कच्ची नाही. काकांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्यांनी जेवणाच्या सुटीत, डबा एका हातानं खात, सात आकड्यांपर्यंत हे स्वतः तपासलं. शहात्तर लाख एकोणतीस हजार एकशे सदतीस या एका संख्येसाठी चारशेच्या वर भागाकार करावे लागतात, आणि त्यातला प्रत्येक अपयशी ठरावा लागतो. मी त्यांना म्हटलं होतं, "काका, छापलंय तर खरंच असेल ना." त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझी नोकरी काय आहे ते आठवलं.

आज ते बघणं आठवून मी खुर्चीतून उठले आणि कपाट उघडलं. काकांची हस्तलिखित कॉपी सुतळीनं बांधून ठेवली होती. पहिलं पान. त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरात ३५७, स्वच्छ, वाटाण्याएवढे आकडे. काही महिन्यांपूर्वी ही कॉपी हातात आली, तेव्हा मी मनात हसले होते. त्यांना माझ्या चष्म्याची दया आली म्हणून एवढं मोठं लिहिलं, असं मला वाटलं होतं. म्हणजे चूक कॉपीत नव्हती. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं घसरली असणार. ते तर रोजचंच आहे, बोटं घसरतात म्हणूनच आम्ही आहोत. मग प्रूफ काढलं. खाली माझी सही, तारीख. समासात नऊचा ताळा केलेला : आकड्यांची बेरीज एकशे बारा, नवानं भागून उरले चार. कॉपीतही चार, प्रूफातही चार. अर्थात, दोन आकड्यांनी जागा बदलली तर बेरीज कशाला बदलेल? अकराचा ताळा, ज्यात एकाआड एक आकडे मिळवायचे आणि वजा करायचे, पाहिला असता तर एका क्षणात सापडलं असतं. पाच उरायच्या जागी नऊ उरले असते. पण अकराचा ताळा मी अनोळखी लेखकांच्या संख्यांना लावते. ही तर घरची. आणि मग माझं लक्ष ठिपक्यांकडे गेलं. प्रत्येक आकड्याखाली मी पेन्सिलीचा बारीक ठिपका देते, जुनी सवय. उजवीकडून ठिपके सुरू होत होते, सारखे, टपोरे. मी ते मोजले. एकवीस. डावीकडच्या तीन आकड्यांखाली कागद कोरा होता.

"ताई, झालं काय?" मालक दारातून डोकावले. हे धाकटे मालक, मोठ्या मालकांचे चिरंजीव. यांना मी हाफ पँटीत बघितलंय, त्यामुळे ते माझ्याशी जरा जपून असतात. मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी ते बघितलं, उलटं केलं, पुन्हा बघितलं.

"यात चुकलंय कुठे?"

मी सांगितलं.

"एवढंच? चोवीस आकड्यांत दोन इकडचे तिकडे. कोण मोजायला बसलंय, ताई?"

"एक जण मोजेल."

त्यांनी पान हळूच टेबलावर ठेवलं. काकांनी त्यांना लहानपणी पाढे शिकवले होते. "पहिलं पान बदलून घेऊ," ते शेवटी म्हणाले, "दोन दिवस लागतील. पण आज चार वाजता तुम्ही जाणार म्हणून त्यांना सांगून ठेवलंय. त्यांच्या मुलीचा सकाळी दोनदा फोन आला. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत म्हणे."

ते गेले. मी बसून राहिले. मला त्या दिवसाचा, म्हणजे गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारचा विचार करायचा नव्हता आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. मोठ्यानं वाचायची पद्धत बंद होऊन बारा वर्षं झाली. यंत्र फाइल तपासतं, मी पडद्यावर बघते, काका त्याच वर्षी घरी बसले. पण या पुस्तकासाठी मी हट्ट धरला की हे एक पान तरी जुन्या रीतीनं वाचायचं. काका मुलीचा हात धरून आले. त्यांची खुर्ची मी गोदामातून काढून, पुसून ठेवली होती. त्यांनी कॉपी हातात घेतली, मांडीवर ठेवली, आणि वाचायला सुरुवात केली. वय शहाऐंशी, पण आवाज तोच, कोरडा, ना घाई ना ओढ. सात. तीन. एक. नऊ. प्रत्येक आकड्यानंतर माझ्या पेन्सिलीला टेकायला लागतो तेवढाच वेळ. खोलीतल्या मुली आपापल्या पडद्यांसमोर हात थांबवून ऐकत होत्या. दोन. सहा. सात. मी टेकवत होते आणि मला आत कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की ते बरं वाटणं जवळजवळ दुखत होतं. ही संख्या संपूच नये असं वाटत होतं, आणि ती तर संपण्याबद्दलच प्रसिद्ध. तिच्यापुढे आकडा लावता येत नाही. काकांनी एके वर्षी ते नऊही दरवाजे ठोठावून बघितले होते : पुढे दोन, पाच किंवा आठ लावा, तीन येऊन भाग घालतो. तीन लावा, सात भाग घालतो. सहा लावा, अकरा. उरलेल्या एक, चार, सात, नऊसाठी कुणी छोटा भाजक सापडेना, म्हणून त्यांनी एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी कार्ड आलं : चारही यंत्रावर तपासल्या, चारही फुटतात. ते कार्ड काकांनी सगळ्या खोलीला दाखवलं होतं. "म्हणजे बघ," ते म्हणाले होते, "हिला वाढायला एक बोटभर जागा नाही. पण कमी व्हायला लागली की कितीही कमी होऊ दे, तिचं काही बिघडत नाही." मी तेव्हा तरुण होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही हिच्याशी लग्नच का नाही केलं?" आणि काकू तेव्हा होत्या, त्यांना हे कळल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला होता की पोरी, तुझी संमती असेल तर उद्याच घेऊन जा म्हणावं तिला.

आणि मंगळवारी, सहा, आठ, सहा म्हणून झाल्यावर, मी मान वर केली. एवढंच झालं. काकांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर काहीतरी होतं ज्याला मला आजही नाव देता येत नाही. आनंद म्हणावा तर फार शांत, आणि शांत म्हणावं तर ओठ थरथरत होते. मला वाटलं, आयुष्यात मी कुणाकडे असं बघितलंय का? नवऱ्याकडे, मुलीकडे, स्वतःच्या कामाकडे? एका माणसानं तीस वर्षं एका संख्येवर माया केली, तिच्याकडून काही मागितलं नाही, तिचा कुठे उपयोग केला नाही, फक्त ती आहे याचं त्याला कौतुक वाटत राहिलं. मी बघतच राहिले. सात. पाच. तीन. पेन्सिल हातात अधांतरी. "बसली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसली." मुलींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी चहा आणला. मी सही केली. एकतीस वर्षांत आकड्यांची एकही चूक माझ्या सहीखालून गेलेली नाही हे मी येता-जाता लोकांना ऐकवत असते. गेली ती कौतुकापायी गेली, आणि ज्याचं कौतुक त्याचंच पुस्तक घेऊन गेली.

बाराच्या सुमारास मीच फोन केला. दोन दिवसांनी येते, असं सांगायचं ठरवलं होतं. कारणही तयार होतं, बाइंडिंगचा डिंक ओला आहे. काकांच्या मुलीनं फोन घेतला. ती नर्स आहे, भराभर बोलते.

"मावशी, तुम्ही येताय ना? सकाळपासून डोकं खाल्लंय माझं. म्हणतात पहिलं पान हातात घेतल्याशिवाय जेवणार नाही. आता हातात घेऊन काय करणार आहेत, तेच जाणे."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतंय कुठे त्यांना? उजेड-अंधार कळतो, तेवढंच. अक्षर जाऊन सहा महिने झाले. तुम्हाला नाही सांगितलं? त्या दिवशी छापखान्यात आले तेव्हासुद्धा... अगं बाई. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी काय बोलले ते आठवत नाही. येते म्हटलं असणार. फोन ठेवल्यावर मी ते मोठं हस्ताक्षर पुन्हा काढलं. पान पुढे जावं तसं अक्षर वाढत गेलं होतं, शेवटच्या पानांवर ओळी उतरणीला लागल्या होत्या. मंगळवारी मांडीवर ठेवलेली कॉपी त्यांनी वाचलीच नव्हती. डोळे मिटले काय, उघडे काय. ते मला ती संख्या आतून काढून देत होते, एकेक करून, आणि मला वाटलं होतं ते कागदावर बघतायत. एवढ्या वर्षांची जोडी आमची, आणि मला कळलं नाही. आणि मग, लाज वाटली पाहिजे अशा सहजपणे, दुसरा विचार आला : म्हणजे त्यांना कधीच कळणार नाही. चार वाजता जायचं, प्रत हातात द्यायची, ते पानावरून हात फिरवतील. दोन दिवसांत बाकीच्या प्रती दुरुस्त होतील, त्यांची प्रतही गुपचूप बदलता येईल. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. नुसतं गप्प बसायचं. मालकांना मी म्हटलं होतं एक जण मोजेल. आता तो एकही उरला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि बसमध्ये बसेपर्यंत त्या सुटकेचा मला वीट आला.

बसमध्ये मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी पडद्यांची मापं सांगत होती, चार बाय सात, नाही, सात बाय चार, अहो, दोन्ही एकच ना. मला तिला सांगावंसं वाटलं की एकच नसतं. सातावरून आठवलं म्हणून मी तिकिटाच्या मागे त्या चुकीच्या संख्येला सातानं भागायला घेतलं. का, ते माहीत नाही. हात कामात राहावा म्हणून असेल. सदतीस, पाच, उरले दोन. तिकीट पुरलं नाही, मग पिशवीच्या कागदावर. शेवटी त्रेसष्ट आले, नऊ, शून्य. मग राहिलेला सात, एक, शून्य. पूर्ण भाग गेला. मी तो कागद बघत राहिले. तिच्या पहिल्या तीन आकड्यांत मी निष्काळजीपणा केला आणि ती फुटली, तीही सातानं, तिच्याच शेवटच्या पायरीनं. इतकी कडक संख्या. पुढून काढून घेतलेलं सगळं तिला चालतं, अदलाबदल चालत नाही.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. ते खिडकीपाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी आत आल्यावर त्यांनी मान वळवली ती माझ्या पायांच्या आवाजाकडे, थोडी चुकीच्या दिशेला.

"आलीस? दे."

मी दिलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, कडा चाचपल्या, पुठ्ठा नखानं वाजवला, मग पहिलं पान उघडून त्यावर तळवा ठेवला. "इथे आहे ती?" मी त्यांचा हात अर्धा इंच खाली सरकवला. ते हसले. मुलगी दारात उभी होती, ती डोळे पुसत आत निघून गेली. हाच तो क्षण, मी मनात म्हटलं. आता गप्प बसलीस की झालं.

"वाच," काका म्हणाले.

"काय?"

"मी तुला इतकी वर्षं वाचून दाखवलं. आज तू वाच. कागदावरून हं, पाठ नाही. उजवीकडून."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. सात, म्हटलं. तीन. एक. नऊ. माझा आवाज मला परका वाटत होता, त्यांच्यासारखा कोरडा निघत नव्हता. त्यांची तर्जनी खुर्चीच्या हातावर प्रत्येक आकड्याला टेकत होती, टक, टक, माझ्या पेन्सिलीसारखी. दोन, सहा, सात, सहा, पाच. पंधरा आकडे राहिले. सहा, एक, दोन. मला माहीत होतं पुढे काय आहे, आणि कॉपी वाचणाऱ्याचं काम काय असतं तेही माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. जे असायला हवं ते वाचायचं नाही, जे आहे ते वाचायचं. पण सात म्हणणं किती सोपं होतं. ओठ आपोआप त्या आकाराला येत होते. एक, तीन, सहा, आठ, सहा.

"पाच," मी म्हटलं.

बोट टेकलं नाही. हवेतच राहिलं.

"पाच?"

"पाच. सात. तीन. काका, तसंच छापलंय. तीनशे प्रतींत. माझी चूक आहे. त्या दिवशी मी शेवटचे तीन आकडे बघितलेच नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. मला कुणी सांगितलं असतं की नजर गेलेल्या माणसाचा चेहरा असा पडतो, तर मी विश्वास ठेवला नसता. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. मग ते हळू म्हणाले, "तुझी पेन्सिल वाजली नव्हती. शेवटी. मी ऐकलं होतं."

"मग विचारलं का नाही मला?"

"विचारलं की. बसली का, म्हणून विचारलं. तू बसली म्हणालीस."

मला वाटलं, रडू आलं तर बरं होईल, पण येईना. त्यांनी माझ्यावर रागवावं म्हणून मी वाट बघत बसले, आणि ते तर पुटपुटायला लागले होते. बोटांची पेरं मोजत होते. "पाचशे बावीस," ते म्हणाले, "तिला हजार एकनं भागलं की उरतात पाचशे बावीस, आणि हजार एकात सात, अकरा, तेरा तिघेही येतात. तीनशे सत्तावन्नाच्या जागी तीनशे पंच्याहत्तर. अठरा जास्त, पण या ताळ्यात त्या तीन आकड्यांचं चिन्ह वजाचं. म्हणजे पाचशे चार." थोडं थांबले. "बहात्तर साते पाचशे चार. अगं, सातानं भाग जातोय!"

"जातोय. बसमध्ये केला मी."

"सातानंच जातोय!" आणि ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत, खोकला येईपर्यंत. मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली आणि माझ्याकडे संशयानं बघायला लागली. "घरचाच निघाला," ते तिला सांगत होते, "चोर घरचाच निघाला." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा पानावर तळवा ठेवला. पुस्तक मांडीवर उघडंच होतं. मी सांगितलं की दोन दिवसांत सगळ्या प्रतींचं पहिलं पान बदलून होईल, ही प्रत मी घेऊन जाते आणि चांगली आणून देते.

"बाकीच्या बदला. बदलायलाच पाहिजेत," ते म्हणाले. "हिला हात लावायचा नाही. माझा अंगठा धर."

"काय करायचंय?"

"त्या तीन आकड्यांवर ठेव. डावीकडच्या."

मी त्यांचा अंगठा धरला. जाड, बोथट, कॉपीची पानं उलटून उलटून गुळगुळीत झालेला. पानाच्या डाव्या बाजूनं तो आणला आणि तीन, सात, पाच यांच्यावर ठेवला. तिन्ही पुरते झाकले गेले.

"आता वाच. सावकाश."

मी वाचलं. सात. तीन. एक. नऊ. त्यांची दुसऱ्या हाताची तर्जनी टेकायला लागली. दोन. सहा. सात. सहा. पाच. आता माझा आवाज कोरडा निघत होता, मलाही ऐकू येत होतं. सहा, एक, दोन, सहा, चार, सहा. इथपर्यंत सगळं जागच्या जागी होतं, कुणी काही हलवलेलं नव्हतं. दोन. एक. तीन. सहा. आठ. सहा. आणि पुढे त्यांचं नख आलं.

एकवीस आकडे. ही तिच्या चौथ्या पायरीची संख्या, आणि तिला कशानंही भाग जात नाही. विचारायचं काम वाचणाऱ्याचं असतं. एकतीस वर्षांत माझ्यावर ते कधी आलं नव्हतं.

"बसली?" मी विचारलं.

त्यांनी अंगठा उचलला नाही. आतल्या आत पुन्हा एकदा सगळे आकडे मोजून बघितले, ओठ हलताना मला दिसले, आणि मगच म्हणाले,

"बसली."